गाडीची पाठराखण

"येऊ द्या, जावईबापू! येऊ द्या... येऊ द्या... बिनधास्त येऊ द्या..."

धप्प!

"आली!" मागून समाधानाचा आवाज आला.

गादीवाल्याने इंजिन बंद केलं, स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि मनातल्या मनात जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग तो उतरून मागे गेला. दिव्याचा खांब जागच्या जागी होता. त्याला काहीही झालं नव्हतं. नव्याकोऱ्या पिकअपच्या मागच्या फाळक्याला मात्र, म्हणजे माल चढवायला खाली पाडतात त्या लोखंडी दाराला, मधोमध चांगला परातीएवढा खळगा पडला होता.

गाडी घेऊन महिना झाला नव्हता. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा त्याने अजून काढलं नव्हतं. आजवर दुसऱ्यांच्या टेंपोवाल्यांची मनधरणी करून गाद्या पोचवल्या, त्यांच्या वेळा सांभाळल्या, त्यांचं पान खाऊन थुंकणं सहन केलं, तेव्हा कुठे ही स्वतःची गाडी दारात उभी राहिली होती. आणि तिच्या पाठीत पहिला गुद्दा बसला तो घरच्याच माणसाच्या देखत.

"काही नाही झालं," सासरे खळग्यावरून हात फिरवत म्हणाले. "पत्रा पातळ देतात हो हल्ली. आमच्या बसला असा खांब लागला असता ना, तर खांब वाकला असता."

आता तुम्हीच सांगा, यावर माणसाने काय बोलायचं? दुसरा कोणी असता तर गादीवाल्याने त्याची तिथल्या तिथे खरडपट्टी काढली असती. पण सासऱ्यांना बोलायचं म्हणजे बायकोला बोलायचं, आणि बायकोला बोलायचं म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचं जेवण बंद करायचं. तो मूग गिळून घरात गेला आणि हात धुण्याच्या निमित्ताने बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

सासरे शहर बसवर कंडक्टर होते. सगळी नोकरी त्यांनी उभ्याने काढली. सासूबाई गेल्यावर मुलीने त्यांना आग्रहाने आपल्याकडे आणलं, पण इथे येऊन ते नुसते खिडकीशी बसून राहायला लागले. विचारलं तर "बरं आहे" म्हणायचे. पानात वाढलेलं निम्मं तसंच राहायचं. करायला काही नाही म्हणून ते घरभर फिरून पंखे बंद करायचे, माणसं खाली बसलेली असली तरी. मग पिकअप आली. पहिल्याच दिवशी गाडी मागे घेताना सासरे कोणी न सांगता उठले, चपला घातल्या, गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि हात वर करून असे काही "येऊ द्या" ओरडले की समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली. त्या दिवशी त्यांनी जेवताना भात मागून घेतला.

"बघितलंत?" स्वयंपाकघरात बायको डोळे पुसत म्हणाली होती. "बाबांनी मागून घेतलं! अहो, त्यांना या घरात करण्यासारखं हे एकच काम आहे. तेवढं त्यांच्याकडेच राहू द्या. काही झालं तरी."

'काही झालं तरी' हे शब्द माणसं किती सहज बोलून जातात!

तसं मागे कोणीतरी लागायचंच. गाद्या रचल्या की त्या केबिनच्या वर जायच्या आणि दोन्ही आरशांत फक्त गाद्यांचे पट्टे दिसायचे. पण गाडी रिकामी असतानासुद्धा गादीवाल्याने खिडकीतून मान बाहेर काढली की सासरे हात खाली घ्यायचे आणि दुखावलेल्या आवाजात विचारायचे, "का? माझ्यावर भरवसा नाही?"

तेव्हा गादीवाला मान आत घ्यायचा. आणि गाडी लागायची.

दुसऱ्या खेपेला डावा दिवा फुटला. गॅरेजवाल्याने खाली बसून मागची बाजू निरखली.

"कोणी ठोकली?"

"खांबानं."

"खांब चालत आला?"

"दिवा लावायचा तर लाव!" गादीवाला खेकसला. "जो येतो तो चौकशी करतो!"

"चिडता काय शेठ? मागं गार्ड बसवून घ्या. जाड पाइपचा. मग खांब येऊ दे नाही तर डोंगर येऊ दे, गाडीला ढिम्म काही होणार नाही."

गार्ड बसला. वेल्डरने हातभर बाहेर आलेला असा दणदणीत पाइप जोडला की पिकअप मागून रणगाडा वाटायला लागली. गादीवाला खूश झाला. दोन दिवसांत त्या पाइपाने त्याची स्वतःची नडगी फोडली, बायकोचा गुडघा फोडला आणि दूधवाल्याची सायकल पाडली, तरीही तो खूशच होता. गाडीची पाठ आता सुरक्षित होती.

तिसऱ्या दिवशी त्या पाइपाने शेजारच्या हेडबाईंची कुंपणाची भिंत पाडली.

हेडबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटून काळ लोटला होता, पण बाईंची शाळा सुटली नव्हती. त्या बाहेर आल्या, पडलेल्या विटांकडे पाहिलं आणि चष्मा नाकावर खाली ओढून म्हणाल्या, "हे काय आहे?"

"बाई, चुकून..."

"चुकून एक वीट पडते. ही भिंत आहे! तुमची गाडी वाचावी म्हणून तुम्ही आमच्या भिंती पाडत फिरणार का?"

"गाडीला काही नाही झालं!" मागून सासरे अभिमानाने म्हणाले. "भिंत कच्ची होती."

"कच्ची?" हेडबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या वडिलांनी बांधलेली भिंत आहे ती!"

"म्हणून तर म्हणतो. जुनी झाली."

पुढचा अर्धा तास गादीवाल्याने जे ऐकून घेतलं ते त्याने शाळेतसुद्धा ऐकलं नव्हतं. गाडी कोण मागे घेत होतं, त्याला 'येऊ द्या' कोण म्हणत होतं, हे सगळं गल्लीने डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही माफी त्यानेच मागितली, भिंत बांधून द्यायचं त्यानेच कबूल केलं आणि सासरे शेजारी उभे राहून "होतं असं, होतं" म्हणत त्याच्याच पाठीवर थोपटत राहिले. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घरात आल्यावर त्याने बायकोला गाठलं. "अगं, काही झालं तरी म्हणजे भिंतसुद्धा का?"

"हळू बोला! बाबा जेवतायत."

बाबा जेवत होते. पोटभर जेवत होते.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी दुकानात गादीला टाके घालताना गादीवाल्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण कोण? गादीवाले! लोकांच्या पाठी आपण सांभाळतो आणि स्वतःच्या गाडीच्या पाठीला लोखंड लावतो? गार्ड असू दे, पण गार्डावर गादी हवी! म्हणजे गाडीलाही लागणार नाही आणि भिंतीलाही. आपल्याला हे आधी सुचलं नाही म्हणून त्याने स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला, आणि एक जाड, निळ्या पट्ट्यांची, घट्ट भरलेली गादी दोरखंडाने गाडीच्या मागे करकचून बांधून टाकली.

गाडी रस्त्याला लागली आणि छळ सुरू झाला.

"ओ भाऊ! गादी पडतेय!"

"पडत नाहीये! बांधलीय!"

"अहो काका, मागं बघा, गादी!"

"माहितीये मला!"

दर चौकात कोणी ना कोणी हात करत होतं, शिट्ट्या मारत होतं, खिडकीवर थापा मारत होतं. लोकांना एरवी रस्त्यात माणूस पडला तर दिसत नाही. आज सगळं शहर परोपकाराला निघालं होतं. एक स्कूटरवाला तर हॉर्न वाजवत बाजारापासून पार पुलापर्यंत पाठलाग करत आला, पुढे जाऊन आडवा थांबला, हेल्मेट काढून धापा टाकत म्हणाला, "दादा, तुमची गादी लोंबतेय!"

"मुद्दाम लोंबवलीय!" गादीवाला किंचाळला. "गाडीची पाठ शेकते, म्हणून लोंबवलीय! झालं समाधान?"

स्कूटरवाला बिचारा तोंडात मारल्यासारखा निघून गेला. पण पुढच्याच चौकात वाहतूक पोलीस उभा होता. त्याने गाडी बाजूला घेतली, सावकाश एक प्रदक्षिणा घातली आणि गादी दोन बोटांनी दाबून पाहिली.

"मऊ आहे," तो म्हणाला. "नंबर कुठंय?"

"गादीच्या मागं आहे, साहेब."

"ब्रेकचे दिवे?"

"तेही गादीच्या मागंच."

"म्हणजे तुम्ही थांबलात हे मागच्याला कसं कळणार?"

"तो गादीवर आपटला की कळेलच ना, साहेब."

उत्तर खरं होतं, पण दंडाची पावती त्यामुळे टळली नाही. गादी तिथल्या तिथे सोडून गाडीत टाकावी लागली. घरी आणल्यावर ती सासऱ्यांनी खिडकीशी घातली आणि दुपारची झोप काढून म्हणाले, "झकास भरलीय हो! गाडीला कशाला वाया घालवत होतात?"

गादी गेली. गॅरेजवाला म्हणाला, "सेन्सर लावा शेठ. मागं काही आलं की पीं पीं वाजतो. माणसाची गरजच नाही." माणसाची गरजच नाही, हे ऐकून गादीवाल्याला गॅरेजवाल्याच्या पाया पडावंसं वाटलं. सेन्सर बसला आणि लगेच वाजायला लागला. रस्ता मोकळा असला तरी वाजायचा, मैदानात वाजायचा. गार्डाचा पाइप त्याच्या बरोबर डोळ्यांसमोर येत होता. मग गार्ड कापून काढावा लागला. ज्या वेल्डरने तो जोडला होता, त्यानेच तो कापला, आणि काढताना "मी आधीच म्हणणार होतो" असं म्हणाला. अशा माणसांचं काय करावं?

पण सेन्सर चालला. त्या संध्याकाळी गादीवाल्याने गाडी दारात आणली, मागचा गिअर टाकला आणि सासरे नेहमीप्रमाणे चपला घालून मागे आले.

"येऊ द्या, जावईबापू! येऊ..."

पीं... पीं... पीं पीं पीं पींऽऽऽ!

गाडी हेडबाईंच्या नव्या भिंतीपासून वीतभर आधी थांबली. कुठे धप्प नाही, धडाम नाही. गादीवाल्याला आनंदाने भरून आलं. तो उड्या मारतच खाली उतरला आणि पाहतो तर सासरे हात अर्धवट वर धरून तसेच उभे.

"हे कोण ओरडतंय?" त्यांनी विचारलं.

"सेन्सर आहे, बाबा. मशीन. तुम्हाला आता उन्हातान्हात उभं राहायला नको."

सासऱ्यांनी हात खाली घेतला. "बरं आहे," ते म्हणाले, आणि आत जाऊन खिडकीशी बसले.

त्या दिवशी त्यांनी ताट तसंच सरकवलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी घरातले सगळे पंखे पुन्हा बंद व्हायला लागले.  बायको भांडी अशी आपटत होती की गादीवाल्याला प्रत्येक भांड्यातून आपलंच नाव ऐकू यायचं. शेवटी न राहवून तो म्हणाला, "अगं, पण मी काय करू? गाडी फोडून घेऊ?"

"मी कुठं काय म्हणाले? गाडी जपा तुम्ही. बाबांचं काय, बाबा काय आज आहेत..."

हे असलं वाक्य अर्ध्यावर सोडलं की समोरच्याने कुठे जायचं? गादीवाला सरळ बाहेर गेला, गाडीखाली शिरला आणि सेन्सरची वायर उपटून काढली. मग खिडकीपाशी येऊन चरफडत म्हणाला, "बाबा, ते मशीन बिघडलं. याल का जरा मागं?"

"मी म्हणतच होतो!" सासरे ताडकन उठले. "मशीनवर भरवसा ठेवायचा नसतो!"

त्या रात्री भात दोनदा मागितला गेला. गाडीच्या मागे आता गार्ड नव्हता, गादी नव्हती, सेन्सर नव्हता. होते फक्त सासरे.

आणि नेमकी त्याच आठवड्यात वसतिगृहाची ऑर्डर पोचवायची होती. एवढी मोठी ऑर्डर गादीवाल्याला आजवर मिळाली नव्हती. वसतिगृहाची इमारत नवी, अंगण अरुंद, आणि समोर जमिनीपासून छतापर्यंत काचेचं दार. ते त्याच दिवशी सकाळी बसवलेलं. काचेवर चिकटवलेले कागदही अजून निघाले नव्हते. रेक्टर पायरीवर हाताची घडी घालून उभे होते.

"जपून घ्या," ते म्हणाले. "उद्या उद्घाटन आहे. काचेला धक्का लागला तर गाद्या आल्या तशा परत जातील. आधीच सांगून ठेवतो."

"निर्धास्त राहा," सासरे म्हणाले. "मी आहे ना मागं."

 आरशांत फक्त गाद्यांचे पट्टे. गादीवाल्याने देवाचं नाव घेऊन मागचा गिअर टाकला.

"येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या..."

गाडी इंचाइंचाने मागे सरकत होती. गादीवाला कान टवकारून 'थांबा' या शब्दाची वाट पाहत होता. एवढा एकच शब्द. खांबाच्या वेळी तो आला नाही, भिंतीच्या वेळी आला नाही. पण ही काच आहे, आणि काच तर म्हाताऱ्या माणसालाही दिसते!

"येऊ द्या... येऊ द्या... बिनधास्त..."

'बिनधास्त' ऐकताच त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी गचका खाऊन थांबली. 

"का थांबलात?" सासऱ्यांचा आवाज. "येऊ द्या की!"

गादीवाला उतरला, मागे धावला. फाळका आणि काच यांच्यामध्ये तळहात उभा घातला तर अडकला असता, एवढीच जागा होती. रेक्टर भिंतीला धरून उभे होते. आणि मग इतक्या दिवसांचा साठलेला संताप एकदम बाहेर पडला.

"बाबा! अजून येऊ द्या? कुठं येऊ द्या? आत जाऊन झोपायचंय का गाडीला?"

"ओरडता कशाला? थांबलात ना तुम्ही?"

"मी थांबलो! माझ्या मनानं थांबलो! तुम्ही 'थांबा' का म्हणाला नाहीत?"

सासऱ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने त्यांना गाडी उचलायला सांगितली होती.

"मी? मी कशाला थांबा म्हणू?"

"मागं कोण उभं आहे?"

"मागं मी. पण ब्रेक कुणाच्या पायाखाली आहे?" आता सासऱ्यांचाही पारा चढला. "हे बघा, सगळी नोकरी मी एका ड्रायव्हरबरोबर काढली. नवीन होतो तेव्हा एकदा 'थांब' म्हणालो, तर बस तिथंच सोडून खाली उतरून आला. म्हणाला, 'ब्रेक माझा का तुझा? तू नुसतं येऊ दे म्हण. थांबायचं मला कळतं.' त्यानंतर तो शब्द मी तोंडातून काढला नाही. आणि तो काय थांबायचा! चांगला दोन हात आधी थांबायचा. मी घसा फोडून येऊ दे, येऊ दे म्हणायचो तेव्हा कुठं बस जागेवर यायची."

"मग मला हे आधी सांगायचं नाही?"

"काय सांगायचं? मला वाटलं ड्रायव्हरला थांबता येतं! इथं बघतो तर काय, खांब आला तरी हा माणूस थांबत नाही, भिंत आली तरी थांबत नाही! मी मनात म्हणतो, देवा, कसल्या माणसाच्या हातात गाडी दिली! पण घरी एक अवाक्षर बोललो नाही. म्हटलं, जाऊ दे. तुझ्या नवऱ्याला गाडी येत नाही हे कुठल्या तोंडानं सांगायचं पोरीला? तिच्या जिवाला लागलं असतं. सगळा दोष खांबावर ढकलला, भिंतीवर ढकलला. तुम्हाला सांभाळून घेतलं! आणि तुम्ही माझ्यावरच ओरडता?"

 इतके दिवस आपण यांना सांभाळून घेतोय असं गादीवाल्याला वाटत होतं. आणि इकडे हे त्याला सांभाळून घेत होते! रेक्टर घसा खाकरून म्हणाले, "गाद्या उतरवताय ना?"

गाद्या उतरल्या. काच वाचली. परत येताना दोघंही घुश्शात होते. शेवटी गादीवालाच म्हणाला, "झालं ते झालं. इथून पुढं तुम्ही 'थांबा' म्हणायचं. ती जबाबदारी तुमची."

"बघा हं. नंतर म्हणाल, ब्रेक माझा का तुझा."

"नाही म्हणणार!"

हे कबूल करायला नको होतं. इतकी वर्षं तोंडात दाबून ठेवलेला शब्द सासऱ्यांना एकदम मोकळा मिळाला. आता गाडीने मागे यायला सुरुवात केली की लगेच "थांबा!" गाडी एक हात सरकली की "थांबा म्हटलं ना!" भिंत लांब आहे असं सांगायची सोय नव्हती. लगेच उत्तर यायचं, "ब्रेक तुमचा, थांबा माझा!" पिकअपची शेपटी आता दोन हात आधीच थांबायची, आणि तिचं तोंड तेवढंच बाहेर गल्लीत राहायचं.

पुढे जे झालं ते व्हायचंच होतं. पाण्याचा टँकर गल्लीत वळला आणि पिकअपचा पुढचा बंपर, एक दिवा आणि अर्धी जाळी घेऊन पुढे गेला.

आवाज ऐकून बायको धावत बाहेर आली. हेडबाई आपल्या नव्या भिंतीपाशी आल्या. गादीवाला रस्त्यात पडलेल्या काचांकडे पाहत उभा होता.  तेवढ्यात मागून विजयी आवाज आला.

"मागं काही नाही झालं, जावईबापू! एक ओरखडा नाही!"

"बाबा," गादीवाला दात आवळून म्हणाला, "पुढं बघा!"

सासरे वळसा घालून पुढे आले. त्यांनी सगळं नीट पाहिलं. "अरेरे," ते म्हणाले. "पण पुढचं मी कसं बघणार? मी मागं होतो ना."

यात खोट काढायला जागाच नव्हती. तेवढ्यात बायकोने तोंड उघडलं. ती सहज म्हणून बोलली, आणि हा तिचा नेहमीचाच दोष. "म्हणजे आता पुढं बघायलाही कुणीतरी हवं," ती म्हणाली.

सासऱ्यांचा चेहरा उजळला. "आहे की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांचा बसवरचा जुना ड्रायव्हर दारात हजर झाला. हातात पिशवी, काखेत स्वतःची बसायची उशी. तीही दगडासारखी. गादीवाल्याच्या घरात उशी घेऊन येणारा हा पहिलाच पाहुणा. त्याने चहा घेतला, गाडीभोवती फिरून पाहिलं, केबिनचं दार उघडलं, सीटवरचं प्लॅस्टिक टराटरा फाडून काढलं, आपली उशी ठेवली आणि तिच्यावर बसून हात पुढे केला.

"किल्ली?"

"अहो, गाडी माझी आहे!" गादीवाला ओरडला.

"असू दे की," ड्रायव्हर शांतपणे म्हणाला. "बस कुठं आमची होती?"

शेजारच्या सीटवर सासऱ्यांनी आधीच बैठक मारली होती. त्यांच्या मांडीवर डबा, पायाशी ड्रायव्हरची पिशवी. तिसऱ्याला जागा नव्हती. गादीवाल्याने बायकोकडे पाहिलं. बायको बापाच्या चेहऱ्याकडे पाहत होती. तो निमूट मागे गेला आणि गाद्यांवर चढून बसला.

गाड्या चालवणारी माणसं पुष्कळ असतात, पण त्या दिवशी पिकअप ज्या डौलाने गेली तशी ती कधीच गेली नव्हती. खड्डा आला की आधीच हळू व्हायची. वळण कधी आलं आणि गेलं ते कळायचं नाही. संध्याकाळी दारात आल्यावर सासरे खाली उतरले, मागे गेले आणि त्यांनी हात वर केला.

"येऊ दे! येऊ दे! येऊ दे!"

गाडी भिंतीपासून दोन हात आधी थांबली.

"येऊ दे की रे!"

"पुरे आहे!"

"अजून जागा आहे! येऊ दे म्हणतो ना!"

"ओरडू नकोस! येतोय!"

गाडी सावकाश मागे आली आणि थांबली. मागे भिंत वीतभर लांब होती. पुढे गल्ली मोकळी होती, टँकर जाईल एवढी. हेडबाईंनी भिंतीवरून वाकून दोन्हीकडचं अंतर पाहिलं आणि म्हणाल्या, "याला म्हणतात गाडी लावणं!" असं म्हणताना त्यांनी गाद्यांवर बसलेल्या माणसाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

गादीवाल्याचं रक्त उसळत होतं. माझी गाडी, माझ्या गाद्या, माझं घर! कुणावर तरी ओरडावं म्हणून त्याने चारी बाजूंना पाहिलं. पण ओरडायचं कशावर? खांब उभा होता. भिंत शाबूत होती. गाडीच्या पाठीला नवा ओरखडाही नव्हता. आतून बायको विचारत होती, "बाबा, भात जास्त टाकू ना?"

सासऱ्यांनी फाळका खाली पाडला आणि बाजूला होऊन उभे राहिले. त्यांचा आवाज आता अगदी नोकरीतला होता.

"चला, उतरून घ्या. शेवटचा स्टॉप. सावकाश, ढकलाढकली करू नका."

गादीवाल्याने मागे वळून पाहिलं. गाडीत दुसरं कोणी नव्हतं. तरीही तो ढकलाढकली न करता उतरला.